बायोसची किल्ली कुणाकडे?

एप्रिलात संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गेमिंग लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंगावतो. मी माझ्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट बदलली, रॅम ८ जीबीची १६ केली. प्रोसेसरचं व्होल्टेज किंचित उतरवून त्याला गार ठेवायला, म्हणजे अंडरव्होल्टिंगला, मात्र बायोसने नकार दिला. या कुलपाची गोष्ट जुनी आहे.

१९८१ साली आयबीएमने पीसी आणला, तेव्हा बायोसचा सोर्स कोड चक्क मॅन्युअलमध्ये छापला होता. वाचायला मोकळा, पण कॉपीराइटमुळे वापरायला बंद. कॉम्पॅकने दोन गट केले. एकाने कोड वाचून तो काय काम करतो तेवढं लिहिलं; दुसऱ्याने मूळ कोड न बघता नवा लिहिला. १९८२ मध्ये त्यांचा पीसी जाहीर झाला. असे आयबीएमशी जुळणारे पीसी वाढले, तशा किमती उतरल्या.

२६ एप्रिल १९९९ला सीआयएच व्हायरसने असंख्य मदरबोर्डांचे बायोस पुसले. पुढे कंपनीची डिजिटल सही नसलेला बायोस नाकारला जाऊ लागला. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ उघड केलं: व्होल्टेज पाडून इंटेल प्रोसेसरच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात. उपाय म्हणून अपडेट आले आणि अनेक लॅपटॉपवर अंडरव्होल्टिंग बंद झालं.

धोका खरा होता. पण गेम खेळताना तो कप्पा लागत नाही, आणि उन्हाळा मात्र दरवर्षी येतो. कुलूप असू द्या, एक किल्ली मालकालाही द्या. तोवर बायोस अपडेट करण्याआधी त्यात काय बंद होतंय, ते वाचून घ्या.