सॅम्पल रेट : आभासी वाद्यांच्या संगीतप्रकल्पातील निवड

ध्वनिलहरीची उंची सेकंदाला जितक्या वेळा मोजून आकड्यांत नोंदवतात, ती संख्या म्हणजे सॅम्पल रेट. हॅरी नायक्विस्ट (१९२८) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या सिद्धांतानुसार, ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच कंप्रतेच्या दुपटीहून थोडा जास्त दर पुरतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. त्यामुळे १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ हा दर पुरेसा ठरला. हा विचित्र आकडा त्या काळी डिजिटल आवाज ज्या व्हिडिओ टेपवर साठवत, तिच्या रेषांच्या हिशेबातून आला. चित्रपट आणि दूरचित्रवाणीने मात्र ४८ स्वीकारला.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या घरगुती स्टुडिओंचा कोणता दर ठेवावा हा प्रश्न या दोन आकड्यांतच जवळजवळ सुटतो. फ्लॅटच्या एका खोलीत लॅपटॉप, इंटरफेस, मिडी कीबोर्ड आणि हेडफोन एवढ्यावर इथे काम चालते : मालिकेचे पार्श्वसंगीत, नाटकाचे ध्वनिसंकेत, यूट्यूबसाठी आगरी-कोळी हळदीची गाणी. यातले बहुतेक काम शेवटी चित्राशी जोडले जाते, म्हणून सुरुवातीपासून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवणे शहाणपणाचे. फक्त सीडीसाठी किंवा ऐकण्यापुरते गाणे असेल तर ४४.१ मध्ये काहीच कमी नाही.

९६ किलोहर्ट्झचा मोह वेगळा आहे. तबला, बासरी, सतार यांचे आधी ध्वनिमुद्रित केलेले नमुने वाजवणारे सॉफ्टवेअर असेल, तर नमुने सहसा ४४.१ किंवा ४८ मध्येच मुद्रित झालेले असतात. प्रकल्पाचा दर वाढवला तरी त्यांत नवे स्वर-तपशील येत नाहीत. लाभ होतो तो आवाज जागेवर घडवणाऱ्या सिंथेसायझरला आणि डिस्टॉर्शनसारख्या प्रक्रियांना. त्यांत निर्माण होणाऱ्या अतिउंच कंप्रता दराच्या निम्म्या मर्यादेवर आपटून खाली परततात आणि बेसूर खरखर उमटते; तिला एलिआसिंग म्हणतात. दर वाढवला की ही मर्यादा वर सरकते. पण आज अनेक प्लगइन दर वाढवण्याचे हे काम स्वतःपुरते, ओव्हरसॅम्पलिंगने करतात. तो पर्याय आधी पाहावा.

लॅगच्या, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबाच्या, बाबतीतही ९६ चा फायदा कागदावरच राहतो. २५६ मोजणींच्या बफरला (आवाज वाजण्याआधी साठवण्याच्या तात्पुरत्या जागेला) ४८ वर ५.३ मिलिसेकंद लागतात, ९६ वर त्याच्या निम्मे. मात्र प्रोसेसरवरचा भार साधारण दुप्पट होतो, चरचर थांबवायला बफर ५१२ करावा लागतो आणि आपण पुन्हा ५.३ वर येतो. शिवाय २४ बिट स्टिरिओची एक मिनिटाची फाइल १७.३ ऐवजी ३४.६ मेगाबाइटची होते.

खरा घोटाळा दर मिसळल्याने होतो. ४४.१ ची फाइल सॉफ्टवेअरने न बदलता ४८ म्हणून वाजवली, तर ती सुमारे ९ टक्के जलद धावते आणि पांढरी एकमध्ये गायलेले काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन पडते. गायकाला ते लगेच कळते, पण इंटरफेसच्या सेटिंगचा संशय कुणाला येत नाही. म्हणून गायन दुसऱ्या स्टुडिओत होणार असेल, तर पहिला ट्रॅक उघडण्याआधी तिथला दर विचारून घ्यावा. चालू प्रकल्पात तो बदलू नये. निर्मात्याला वेगळा हवा असल्यास अंतिम मिश्रणानंतर एकदाच रूपांतर करावे.