ब्रुकलिनची इसाबेला, बेंगळुरूची ब्लू

'बँगलोर ब्लू' या द्राक्षाला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हीच वेल वाईनसाठी लावायला फ्रान्सने 1934 च्या कायद्याने बंदी घातली. तिथे तिचं नाव इसाबेला. दोन्ही वेली एकच, असं मी ठामपणे मानतो.

घड हातात घेऊन पाहा. निळ्या-काळ्या मण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो. मणी देठाजवळ दाबला की साल बोटांत राहते आणि हिरवट, बुळबुळीत गर अख्खा बाहेर सटकतो. नाशिकच्या थॉमसन द्राक्षाची साल अशी सुटत नाही. साल सुटण्याचा हा गुण अमेरिकेतल्या रानटी लॅब्रुस्का द्राक्षाचा. बँगलोर ब्लूचा उग्र गोड वासही तिथलाच. मिथाइल अँथ्रॅनिलेट नावाच्या ज्या द्रव्यामुळे तो येतो, ते जाईच्या अर्कातही सापडतं. रंग सगळा सालीत, रस फिकट. म्हणून साल बाजूला काढून नुसता रस आंबवला, तर या काळ्या द्राक्षाची पांढरी वाईन होते. शॅम्पेनवाले पिनो न्वारचं हेच करतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: बँगलोर ब्लू शुद्ध लॅब्रुस्का नाही, तिच्यात युरोपीय द्राक्षाचं रक्त आहे, मग ती इसाबेला कशी? पण इसाबेला स्वतःच संकरित आहे. म्हणजे हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. न्यूयॉर्कजवळ फ्लशिंगला विल्यम प्रिन्स यांची रोपवाटिका होती. 1816 च्या सुमारास त्यांना ही वेल ब्रुकलिनच्या गिब्ज कुटुंबाच्या बागेत मिळाली. त्या घरच्या इसाबेलाबाईंचं नाव त्यांनी तिला दिलं.

ब्रुकलिनहून ती बेंगळुरूला आली कशी? दक्षिणेत द्राक्षं मिशनऱ्यांनी 1832 च्या सुमारास आणली, असं सांगतात. ती गोष्ट मदुराई-सेलमकडची. तिथल्या मस्कत हॅम्बर्गचं श्रेयही त्याच पाद्र्यांना देतात, पण ती जात मुळात तयार झाली 1850 च्या आसपास, इंग्लंडात. असल्या तारखेवर मी बँगलोर ब्लूची वंशावळ टांगणार नाही. माझं बोट बेंगळुरूच्या लालबागेकडे आहे. 1856 मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली, आणि बँगलोर ब्लूची लागवड इथे दीडशे वर्षांची मानतात. परदेशी रोपं बेंगळुरूत उतरायची, ती या दाराने. कागद हाती नाही, पण हिशेब जुळतो.

युरोपात मात्र तिचा घात झाला. 1845 नंतर भुरी रोगाने तिकडच्या बागा झोडपल्या, तेव्हा भुरीला न जुमानणाऱ्या अमेरिकन वेली मागवल्या गेल्या, त्यांत इसाबेलाही होती. त्या वेलींच्या मुळांवरून फायलोक्सेरा ही कीड आली, मग केवडा हा रोगही. केवड्यावर उतारा म्हणून फ्रान्समधले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पुढे आणलं. पुढे 1934 ची ती बंदी आली तेव्हा आरोग्याचं कारण सांगितलं गेलं. खरं दुखणं, माझ्या मते, बाजारात तुंबलेल्या वाईनचं होतं.

बेंगळुरूजवळच्या नंदी टेकडीच्या पायथ्याशी 1988 मध्ये ग्रोव्हर कुटुंबाने वायनरी काढली आणि फ्रेंच जाती रुजवल्या, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. पण बेंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर, कोलारमधल्या शेतकरी कुटुंबांच्या मांडवांवर आजही हीच वेल आहे. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फळ धरत नाहीत, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचंच पीक घेतात. तिथे ही वेल वर्षाला दोन पिकं देते. करप्याला ती दाद देत नाही, केवड्यापुढे नमते. त्यावर ते बोर्डो मिश्रण आहेच, आणि सेंद्रिय शेतीतही ते मर्यादेत चालतं.

एवढं असून तिचा माल जातो रसाला आणि स्वस्त, गोड पोर्ट वाईनला. ज्यांच्या मांडवावर जुन्या वेली उभ्या आहेत, त्यांनी त्या उपटू नयेत. एका हंगामाचा थोडा रस सालीवेगळा आंबवावा, कोरडी पांढरी वाईन करावी आणि बाटलीवर 'बँगलोर ब्लू' हे नाव ठळक छापावं.