एका पावलाचे चार मालक

रात्री दोन वाजता लॉजच्या काकांनी दार वाजवलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, टॉर्च राहू दे, वरपर्यंत लाईट आहेत. बाहेर येऊन पाहिलं तर डोंगर दिसतच नव्हता. काळ्याकुट्ट अंधारात दिव्यांची एक वाकडीतिकडी रेघ तेवढी आभाळापर्यंत गेली होती.

गावाचं नाव नल्लतन्निया. तमिळमध्ये नल्ल तण्णी, म्हणजे चांगलं पाणी. समोरचा डोंगर श्रीलंकेतला श्रीपाद, उंची २,२४३ मीटर, पायऱ्या पाच हजारांहून जास्त. मी गेलो होतो सूर्योदयासाठी, खरं सांगायचं तर सूर्योदयाच्या रीलसाठी. माथ्यावर खडकात पावलाचा एक ठसा आहे आणि चार धर्मांचे लोक तो आपला मानतात, एवढंच मी वाचलं होतं. बौद्धांसाठी ते बुद्धाचं पाऊल, हिंदूंसाठी शंकराचं. मुसलमानांसाठी ते आदमचं: स्वर्गातून खाली आल्यावर तो इथे उभा राहिला. पोर्तुगीज आल्यानंतर काही ख्रिश्चनांनी ते संत थॉमसचं ठरवलं. ट्रॅव्हल साइट्स इथे ‘सर्वधर्मसमभाव’ असं लिहून मोकळ्या होतात. मलाही ते गोड वाटलं होतं. परत आल्यावर वाचत गेलो, तसतसा तो गोडवा कमी होत गेला आणि डोंगर मात्र जास्त आवडायला लागला.

सगळ्यात भारी प्रवासी इथे १३४४ मध्ये येऊन गेला: मोरोक्कोचा इब्न बतूता. मालदीवहून निघालेलं त्याचं जहाज भरकटत लंकेच्या किनाऱ्याला लागलं. तिथला राजा आर्यचक्रवर्ती, जाफन्याचा तमिळ हिंदू. काय हवं असं राजाने विचारल्यावर बतूताने आदमचं पाऊल बघायची इच्छा सांगितली. राजाने पालखी दिली आणि सोबत माणसं दिली: दरवर्षी वारी करणारे चार जोगी, तीन ब्राह्मण, दहा दरबारी आणि शिधा वाहायला पंधराजण. म्हणजे एक मुसलमान काझी, जोगी आणि ब्राह्मणांच्या सोबतीने, बौद्धांच्या डोंगरावर निघाला. कोणालाच यात काही विचित्र वाटलं नाही. वाट ज्यांना माहीत होती ते सोबत गेले, इतकं साधं.

त्या काळी पायऱ्या नव्हत्या असं नाही, पण शेवटच्या कड्यावर लोखंडी साखळ्या धरून चढावं लागे. त्यातल्या एका साखळीला, बतूता सांगतो, कलम्याची साखळी म्हणत. तिथून खाली पाहिलं की भीतीने माणूस आपोआप कलमा म्हणायला लागतो. आता त्या जागी रेलिंग आहे. तरी पहाटे साडेचारला थंडीने बोटं बधिर झालेली असताना मी ते दोन्ही हातांनी धरून चढत होतो आणि तोंडातून ‘आई गं’ निघत होतं. ज्याची त्याची साखळी.

बतूताने पावलाची लांबी अकरा विती दिली आहे. आणखी एक मजेदार गोष्ट तो सांगतो. फार पूर्वी म्हणे चिनी लोक आले, त्यांनी अंगठ्याच्या जागेचा खडकच कापला आणि आपल्या देशातल्या देवळात नेऊन ठेवला. खरं-खोटं देव जाणे. पण ठसा नुसता पाहून माणसाचं भागत नाही, त्यातला तुकडा आपल्याकडे हवा असतो, हे त्यालाही कळलं होतं.

आता त्या कमी झालेल्या गोडव्याबद्दल. पहिला विजयबाहू हा अकराव्या शतकातला मोठा राजा. त्याने श्रीपादच्या यात्रेकरूंच्या जेवणाची सोय केली, तसा अंबगमुवचा शिलालेख आहे. त्याच लेखात हेही आहे की हलक्या मानलेल्या जातींच्या लोकांना पूजा करता यावी म्हणून मुख्य कट्ट्याच्या खाली वेगळा कट्टा बांधला. हे वाचल्यावर मला पंढरपूरच आठवलं. महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी, आत नाही, बाहेर. धर्म चार असोत की एक, कुणी कुठून पाया पडायचं हे वरचे ठरवत होते.

मालकीचंही तसंच. सोळाव्या शतकात सीतावकचा सिंहली राजा पहिला राजसिंह शैव झाला आणि त्याने डोंगर शैव संन्याशांच्या हाती दिला. पुढे अठराव्या शतकात कीर्ति श्री राजसिंहाने तो पुन्हा बौद्ध भिक्खूंकडे सोपवला. हा कीर्ति श्री कोण? कँडीच्या गादीवर बसलेल्या नायक्कर घराण्यातला, म्हणजे मूळचा मदुराईकडचा. थोडक्यात, डोंगर हिंदूंना दिला तो सिंहली राजाने आणि बौद्धांना परत दिला तो दक्षिण भारतातून आलेल्या घराण्याच्या राजाने. आजच्या ‘आपले’ आणि ‘परके’ या खान्यांत हा इतिहास बसवून दाखवा! दोघांनाही गादी टिकवायची होती आणि डोंगर ज्याच्या हाती त्याला मान होता.

वाटेत एके ठिकाणी कठड्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं झालेलं दिसतं. बुद्धाने इथे थांबून चीवर शिवलं अशी कथा आहे, म्हणून यात्रेकरू सुई-दोरा वाहतात. त्या जागेपासून माझ्या पुढे एक तमिळ आजी आणि तिचा नातू होता. आजी अनवाणी, माझ्या पायात ट्रेकिंगचे बूट, आणि तरी ती दर वळणावर माझ्यासाठी थांबल्यासारखी थांबायची. नातवाला इंग्रजी येत होतं. आजीने आयुष्यभर खालच्या मळ्यात चहा खुडला, असं त्याने सांगितलं.

तेव्हा मी फक्त मान हलवली. मळ्यातल्या तमिळांची गोष्ट नंतर वाचली. इंग्रजांनी आधी कॉफीसाठी, मग चहासाठी त्यांचे पूर्वज तमिळनाडूतून आणले. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यातले बहुतेकजण कुठल्याच देशाचे उरले नाहीत. १९६४ मध्ये सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांनी करार केला: ५,२५,००० लोक भारताने घ्यायचे, ३,००,००० श्रीलंकेने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. माणसांची वाटणी, आणि शिल्लक पुढच्या खात्यात. राहिलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा आला २००३ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत ही माणसं डोंगर मात्र चढत होती. देशात जागा नव्हती, पायरीवर होती. मला यात दिलासा मानावा की संताप यावा, अजून ठरवता आलेलं नाही.

माथ्यावर बूट काढले. फरशी बर्फासारखी होती. आणि ज्यासाठी एवढं सगळं, ते पाऊल झाकलेलं! खरा ठसा खाली खडकाच्या आत आहे, वरचा फक्त त्याची खूण, अशी तिथली श्रद्धा. म्हणजे ज्याच्यावर चारजण हक्क सांगतात ते त्यातल्या कुणालाच धड दिसत नाही. दिसलं असतं तर बोटं मोजून भांडण झालं असतं, असा माझा इंजिनीअरी संशय आहे.

मग सूर्य उगवला. सगळे फोन पूर्वेकडे वळले, माझाही. नातवाने माझी बाही ओढून मला पश्चिमेला वळवलं. खालच्या धुक्यावर डोंगराची सावली पडली होती, अगदी रेखीव त्रिकोण, मैलोन्‌मैल लांब. फोन फिरवेपर्यंत सावली विरायला लागली होती.

तिथे एक घंटा आहे. जितक्या वेळा डोंगर चढलात तितके टोल द्यायचे. आजीने अकरा दिले, मी मोजले. मग तिने दोर माझ्या हातात दिला. मी देव मानत नाही, आणि रांगेत मागे माणसं ताटकळत होती. एक टोल दिला.

उतरताना चढणारे अनोळखी लोक ‘करुणावयी’ म्हणत होते. तुमच्यावर करुणा असो, असा काहीसा अर्थ. खाली रेंज आल्यावर आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, “दर्शन झालं का?”

“पाऊल झाकलेलं होतं गं.”

“मग काय झालं? पंढरपूरला सात तास रांगेत उभी होते, डोकं टेकवायच्या आत ढकलून दिलं पुढे. मला तरी कुठे दिसले पाय? बरं, तू काही खाल्लंस का?”