परिघावरील शिल्पे आणि वाचनाचा प्रश्न : किलपेकचे चर्च

इंग्लंडमधील हेरफर्डशर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगत, किलपेक हे लहानसे खेडे आहे. तेथील रोमनेस्क चर्चची आजची वास्तू इ. स. ११४०च्या सुमारास उभी राहिली. तांबूस वालुकाश्मातील या वास्तूची रचना साधी आहे : सभादालन, त्यापुढे वेदीचे दालन आणि पूर्वेस अर्धवर्तुळाकार गाभा. शिल्पालंकरण मात्र असाधारण आहे आणि धार्मिक वास्तूतील प्रतिमा कशा वाचाव्यात, हा प्रश्न ते तीव्रतेने उपस्थित करते.

दक्षिणद्वाराच्या अर्धवर्तुळाकार शिलापटावर जीवनवृक्ष आहे. बाजूच्या खांबांवर एकमेकांत गुंतलेले सर्प आणि वेलींत अडकलेले योद्धे आहेत. आत, वेदीकडे नेणाऱ्या कमानीच्या दोन्ही अंगांना एकावर एक उभ्या संतमूर्ती दिसतात. बाहेर छपराच्या कडेखाली आधारदगडांची रांग वास्तूभोवती फिरते. तिच्यावर शिकारी कुत्रा व ससा, वादक, राक्षसी मुखे आणि हातांनी आपली योनी उघडून दाखविणारी, ‘शीला-ना-गिग’ या नावाने ओळखली जाणारी स्त्री-आकृती कोरलेली आहे.

आतील पवित्र आणि बाहेरील उच्छृंखल, अशी विभागणी येथे सहज सुचते. मायकेल कॅमिल यांच्या १९९२च्या ग्रंथानंतर मध्ययुगीन कलेच्या परिघाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. त्याआधी १९८६मध्ये वीअर आणि जर्मन या अभ्यासकांनी अशा स्त्री-आकृतींचा अर्थ वासनेविरुद्धचा इशारा असा लावला होता. पहिली दृष्टी परिघाला स्वतःचा आवाज देते, तर दुसरी त्याला केंद्राच्या नीतिशास्त्रात सामावून घेते.

किलपेकची शिल्पे मात्र या दोन्ही चौकटींत पूर्णपणे बसत नाहीत. याच आधारदगडांच्या रांगेत क्रूस धारण करणारे कोकरू, म्हणजे ख्रिस्ताचे प्रतीकही आहे. ज्याला आपण केंद्र म्हणतो ते परिघावर अशा रीतीने आधीच उपस्थित आहे. शिवाय हे दगड निव्वळ शोभेचे नाहीत; छपराची कड ते पेलून धरतात. त्यामुळे येथे ‘अलंकरण’ आणि ‘रचना’ हा भेदच डळमळीत होतो.

क्लेअरवोचे संत बर्नार्ड यांनी ११२५च्या सुमारास मठांतील विचित्र प्राणिशिल्पांवर कठोर टीका केली. मेयर शापिरो यांनी १९४७मध्ये दाखवून दिले, की या टीकेतच त्या शिल्पांच्या आकर्षणाची कबुली दडलेली आहे. निषेध करण्यासाठीही बर्नार्डना ती बारकाईने पाहावी लागली होती.

याउलट, पाहूनही न पाहण्याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकात सापडते. जॉर्ज रॉबर्ट लुईस यांनी १८४२मध्ये या चर्चची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत या स्त्री-आकृतीचा अर्थ त्यांनी छाती चिरलेला विदूषक असा लावला. योनीच्या जागी त्यांना हृदयाकडे जाणारी वाट दिसली. याच लुईस यांनी ९१ आधारदगडांची नोंद केली होती. त्यांपैकी ८५ आज उरले आहेत.

लुईस यांच्या चुकीला हसणे सोपे आहे. परंतु त्या आकृतीत केवळ पापाचा इशारा किंवा केवळ बंडखोरी पाहणारा आधुनिक वाचकही आपल्या काळाची गरज तिच्यावर लादत असतो. अर्थनिर्णयनाची पहिली अट म्हणून शिल्पाला त्याच्या जागेवर, शेजारच्या दगडांसह पाहावे लागते. तेथे कुत्रा, ससा, कोकरू आणि स्त्री एकाच छपराचा भार वाहत आहेत. त्यांतील एकालाच अर्थाचे केंद्र ठरविले, की उरलेली रांग वाचायची राहून जाते.