तोंडातला राक्षस

७ डिसेंबर १९३८ रोजी बीबीसीची माणसे यंत्रसामग्री घेऊन लंडनमधल्या २०, मेअर्सफील्ड गार्डन्स या घरी आली आणि सिग्मंड फ्रॉइडचे एक छोटेसे इंग्रजी निवेदन ध्वनिमुद्रित करून गेली. दोनेक मिनिटांचा ऐवज आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, ८२ वर्षांचा थकलेला म्हातारा परक्या भाषेत कष्टाने वाचतो आहे. दोन-तीनदा ऐकल्यावर मात्र कान दुसरीकडे जातो. शब्द अडतात ते आठवत नाहीत म्हणून नव्हे. ते तोंडातच कुठेतरी चुकीच्या वाटेने जातात आणि ओढून परत आणावे लागतात. वय आणि परकी भाषा ही दोन कारणे कुणालाही सुचतील. तिसरे शोधायचे तर पंधरा वर्षे मागे, व्हिएन्नात जावे लागते.

या शोधासाठी साधनांची वाण नाही. फ्रॉइडची पत्रे आहेत. त्याच्या जबड्याचा शल्यविशारद हान्स पिखलर याची रुग्णनोंद आहे. अर्नेस्ट जोन्सने लिहिलेल्या चरित्राचा तिसरा खंड (१९५७) आहे आणि शेवटची दहा वर्षे खासगी डॉक्टर असलेल्या माक्स शूरचे मरणोत्तर प्रसिद्ध झालेले पुस्तक (१९७२) आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पिखलरची नोंद ही रोजकीर्द, आणि जोन्सचे चरित्र ही चांगल्या, जाणत्या, पण भक्ताने लिहिलेली बखर. दोन्ही लागतात. कोणत्या मुद्द्यावर कुणाचे ऐकायचे, एवढे पदोपदी ठरवावे लागते.

सर्वांत जवळचा कागद २५ एप्रिल १९२३ चा. फ्रॉइडने जोन्सला लिहिलेले हे पत्र. दोन महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला जबड्यावर आणि टाळूवर एक पांढरट वाढ दिसली, ती २० तारखेला काढून घेतली, अजून गिळता येत नाही, काम बंद आहे, असे तो कळवतो. वाढ निरुपद्रवी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आपले स्वतःचे निदान वेगळे होते, पण ते कुणी मानले नाही, हेही तो लिहितो. लिहिणारा स्वतः वैद्यकीचा पदवीधर आहे हे विसरू नये. त्याने मनाशी कर्करोगाचे नाव घेतलेले होते. ७ एप्रिलला ती जागा पाहिलेल्या फेलिक्स डॉइच या डॉक्टरनेही मनातल्या मनात तेच नाव घेतले आणि रोग्यापासून लपवले.

२० एप्रिलला प्रत्यक्षात काय झाले, ते या मजकुरात नाही. ते जोन्सकडून कळते. नाक-घशाचे तज्ज्ञ मार्कुस हायेक यांच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण म्हणून, त्याच दिवशी घरी जायच्या बोलीवर झाली. रक्त अपेक्षेपेक्षा जास्त गेले म्हणून त्याला एका लहानशा खोलीत ठेवले. शेजारच्या खाटेवर एक मतिमंद, ठेंगू रुग्ण होता. जेवणाच्या वेळी पत्नी मार्था आणि मुलगी ॲना यांना बाहेर पाठवले, आणि त्या नसताना पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. फ्रॉइडने घंटा वाजवली. घंटा बिघडलेली होती. तोंडात रक्त, हाक मारता येईना. तेव्हा तो ठेंगू रुग्ण धावत जाऊन माणसे घेऊन आला. ॲनाने ती रात्र खाटेशेजारी बसून काढली.

हा प्रसंग जसाच्या तसा खरा धरायचा का? रोगी आणि मुलगी यांच्या आठवणीतून तो आला आणि छापला गेला तीस वर्षांनंतर. इतक्या काळात गोष्ट गोळीबंद होते. पण बिघडलेली घंटा हा तपशील कुणी शोभेसाठी घालील असे वाटत नाही. मी तो स्वीकारतो. छापील वृत्तांतांत त्या ठेंगू माणसाला नाव नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या रक्तापेक्षा नंतरचा व्रण महत्त्वाचा. शस्त्रक्रियेनंतर क्ष-किरण आणि रेडियम असे दोन्ही उपचार झाले. जोन्स, जो स्वतः डॉक्टर होता, हायेकवर ठपका ठेवतो की व्रण आकसू नये यासाठी त्याने काहीच केले नाही आणि त्यामुळे तोंड उघडणे कमी होत गेले. जोन्सचा हायेकवर राग आहे, तेव्हा हे जरा सावधपणे घ्यावे. दातखीळ बसत चालली होती हे नक्की. तिच्यात हायेकच्या व्रणाचा वाटा किती, किरणांचा किती आणि पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा किती, हे आज वेगळे काढता येत नाही.

जूनमध्ये साडेचार वर्षांचा नातू हाइनेले क्षयाने गेला. सप्टेंबरमध्ये फ्रॉइड ॲनाला रोम दाखवून आला. २६ सप्टेंबरला पिखलरने तोंड तपासले.

पिखलर हा इथे योगायोगाने आलेला माणूस नव्हे. शल्यविशारद असून तो दंतवैद्यकाकडे वळला, शिकागोला जी. व्ही. ब्लॅक यांच्याकडे शिकून आला आणि पहिल्या महायुद्धात जबडा फुटलेल्या सैनिकांवर उपचार करून त्याचा हात बसला. कापणे आणि कापलेल्या जागी काहीतरी बसवणे, ही दोन्ही कामे एकाच डोक्यात असणे त्या काळी दुर्मीळ होते. जबड्याची ठेवण सुधारण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेचा वंशही याच घराण्यातून येतो. पिखलरचा शिष्य रिखार्ड ट्राउनर आणि ट्राउनरचा शिष्य ह्यूगो ओब्वेगेझर यांनी खालचा जबडा उभा चिरून सरकवण्याची पद्धत १९५७ साली इंग्रजीतून मांडली. जोन्सचा तिसरा खंडही त्याच वर्षीचा.

४ ऑक्टोबर १९२३ ला पिखलरने मानेतली मोठी रक्तवाहिनी बांधली आणि जबड्याखालच्या गाठी काढल्या. आठवड्याभराने मुख्य शस्त्रक्रिया झाली. ११ तारखेला की १२ ला, याबाबत छापील पुस्तकांत एकवाक्यता नाही. ओठ आणि गाल चिरून उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग काढण्यात आला. भूल केवळ त्या जागेपुरती दिलेली होती. १२ नोव्हेंबरला एका चिवट जागेत पुन्हा रोग दिसला आणि त्याच दिवशी आणखी भाग गेला. यानंतर तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत एका बाजूने उरलीच नाही.

भिंत नसण्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. पाण्याचा घोट नाकात चढतो. 'ब' म्हणायला जावे तर श्वास नाकातून निसटतो आणि 'म' उमटतो. आपण ज्याला गेंगाणे बोलणे म्हणतो, ते यातूनच येते. हे भोक बुजवण्यासाठी पिखलरने कवळी आणि कृत्रिम टाळू एकत्र असलेले एक मोठे साधन बनवले. घरात त्याचे नाव 'राक्षस' पडले.

या राक्षसाचा न्याय साधा आणि निर्दय होता: घट्ट बसवला तर घासतो, सैल केला तर गळतो. घट्ट असेल तेव्हा बोलणे-जेवणे जमे, पण खालची त्वचा सोलून निघे. कानसून सैल करावे तर दुखणे थांबे आणि 'ब'चा पुन्हा 'म' होई. बरे, हा अवजड ऐवज आत सरकवायचा तो पुरेशा न उघडणाऱ्या तोंडातून. एकदा फ्रॉइड आणि ॲना अर्धा तास झटत राहिले, तो काही बसेना. शेवटी डॉक्टरला बोलवावे लागले. बाहेर काढून फार वेळ ठेवणेही शक्य नव्हते, कारण मधल्या वेळात व्रण आकसत असे. बाप-लेकीचा करार होता की शुश्रूषेत हळवेपणा आणायचा नाही. परकी परिचारिका त्याने शेवटपर्यंत येऊ दिली नाही.

इथून पुढे पिखलरच्या नोंदी एका लयीत चालतात. कुठे दुखरी जागा, कुठे पांढरा चट्टा, मग डागणे, मग कापणे, मग साधन पुन्हा कानसणे. ही लय ध्यानात आली तेव्हा मला या कागदांमधली खरी गोष्ट सापडल्यासारखे वाटले. साधन घासते, घासल्याने चट्टा उठतो, चट्टा उद्या कर्करोग होईल या धास्तीने काढतात, काढल्याने पोकळीचा आकार बदलतो, आणि बदललेल्या पोकळीत जुने साधन पुन्हा घासू लागते. सिगार चालू होत्याच. चट्ट्यांत त्यांचा हात मोठा होता आणि फ्रॉइडला तसे वारंवार सांगितलेही गेले होते. वर जोन्सने टिपले आहे की साधन जागेवर धरायला अंगठा लावावा लागे आणि पुढे ते काम सिगारच बरे करू लागली!

शस्त्रक्रियांचा सर्वत्र फिरणारा आकडा ३३ हा जोन्सचा आहे. तो ऐकून वाटते की कर्करोग ३३ वेळा उलटला. तसे झालेले नाही. नोव्हेंबर १९२३ नंतर काढलेल्या तुकड्यात निःसंशय कर्करोग पुन्हा सापडला तो जुलै १९३६ मध्ये. मधली जवळजवळ तेरा वर्षे कर्करोगाच्या नावावर मांडली जातात. पण ती खरे तर व्रणाची, चट्ट्यांची आणि राक्षसाची आहेत. ३३ ही संख्याही किरकोळ डागणे मोजायचे की नाही यावर कमी-जास्त होईल.

साधन सुधारावे म्हणून १९२८ च्या शरदात तो बर्लिनला प्राध्यापक श्रोडर यांच्याकडे गेला आणि टेगेलच्या सॅनटोरियममध्ये राहिला. १९२९ आणि १९३० मध्येही खेपा झाल्या. ऑगस्ट १९३१ मध्ये हार्वर्डचे काझांजियान युरोपात आल्याचे कळताच शिष्या रूथ मॅक ब्रन्स्विक आणि मारी बोनापार्त यांनी खटपट करून त्यांना व्हिएन्नात आणले. तेही महायुद्धातल्या फुटक्या जबड्यांवर नावारूपाला आलेले. पिखलरच्याच प्रयोगशाळेत त्यांनी वीस दिवस काम केले. जोन्सने सांगितलेले शुल्क ६००० डॉलर. सुधारणा टिकली नाही. मला तरी यात काझांजियानचा दोष दिसत नाही. ज्या मापाचे साधन केले, ते माप पुढच्या चट्ट्यासरशी बदलणारच होते.

रोगी हे सारे निभावत कसा होता? याचे पुरावे वैद्यकीय कागदांत कमी आणि इतरत्र जास्त मिळतात. पहिला पुरावा सामानाच्या मांडणीचा. जंतुसंसर्ग कानाच्या नळीपर्यंत गेला आणि उजवा कान निकामी होत गेला. ज्याचा धंदाच ऐकण्याचा, त्याने कोच आणि खुर्ची यांची अदलाबदल केली, म्हणजे रुग्णाचे शब्द डाव्या कानाकडून येतील. मे १९३८ मध्ये एडमुंड एंगेलमनने बेर्गगासे १९ मधल्या खोल्यांची छायाचित्रे घेतली. त्यांत दिसते ती शेवटची मांडणी. ती का बदलली होती, हे छायाचित्र सांगत नाही.

दुसरा पुरावा गैरहजेरीचा. आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण परिषदेला तो शेवटचा गेला १९२२ मध्ये, बर्लिनला. १९२५ मध्ये बाड होम्बुर्गच्या परिषदेत त्याचा निबंध ॲनाने वाचला. १९३० मध्ये फ्रँकफुर्टला ग्योथे पारितोषिकाचे भाषणही तिनेच वाचले. चारचौघांत जेवणे त्याने जवळजवळ सोडले होते.

तिसरा पुरावा खुद्द छापील पुस्तकात आहे. १९३२ मध्ये त्याने मनोविश्लेषणावरच्या व्याख्यानांची नवी मालिका लिहिली. प्रस्तावनेत तो सांगतो की ही व्याख्याने कधी दिलीच गेली नाहीत. एका शस्त्रक्रियेमुळे सभेत बोलणे अशक्य झाले आहे, आणि आपण व्याख्यानगृहात उभे आहोत ही केवळ कल्पना आहे. तरी व्याख्यानांचे क्रमांक त्याने पंधरा वर्षांपूर्वीच्या, खरोखर दिलेल्या मालिकेच्या पुढे चालू ठेवले: २९ ते ३५. समोर श्रोते बसले आहेत असे धरून तो त्यांना संबोधतो. प्रस्तावना न वाचणाऱ्याला पत्ता लागू नये.

आणि मग त्याची स्वतःची नोंदवही. ३१ ऑक्टोबर १९२९ पासून तो मोठ्या तावांवर तारीखवार एकेक ओळ टिपत असे. नाव दिले होते 'अतिसंक्षिप्त बखर' अशा अर्थाचे. आपल्याला बखरीपेक्षा जेधे शकावली आठवावी, इतकी ती कोरडी आहे. पहिलीच नोंद नोबेल हुकल्याची. डॉक्टरांची नावे येतात, शस्त्रक्रिया असेल त्या दिवशी तेवढा शब्द येतो, आणि पुढच्या ओळीत कुणी पाहुणा किंवा नवी जुनी मूर्ती. वेदनेचे वर्णन नाही. पत्रांत तो राक्षसाविषयी कुरकुर करतो, थट्टाही करतो. इथे तीही नाही. हा मनोनिग्रह होता, की जे रोजचेच आहे ते काय लिहायचे असा हिशेबीपणा? कागद दोन्हीकडे झुकवता येतो. मला दुसरे जास्त पटते, पण हा अंदाज आहे.

जून १९३८ मध्ये तो लंडनला पोचला. ८ सप्टेंबरला पिखलर व्हिएन्नाहून मुद्दाम आला आणि लंडन क्लिनिकमध्ये त्याने पुन्हा एकदा, १९२३ प्रमाणे, गाल चिरून मोठी शस्त्रक्रिया केली. बीबीसीचे ध्वनिमुद्रण त्यानंतर बरोबर नव्वद दिवसांनी झाले. तेव्हा आपण ऐकतो तो आवाज पंधरा वर्षांच्या गेंगाणेपणाचा, आणि शिवाय नुकत्याच पुन्हा उघडलेल्या गालाचा आहे. निवेदनाची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. ती पुढ्यात ठेवून ऐकले तर शब्द नीट लागतात. नाही तर काही ठिकाणी अडायला होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये आता कापण्यासारखे काही उरले नाही असे ठरले. १ ऑगस्टला रुग्ण पाहणे थांबले. शूर लिहितो की शेवटी गालाला आरपार भोक पडले आणि दुर्गंधीमुळे पाळलेली चाऊ कुत्रीही जवळ येईना. फ्रॉइड वारला २३ सप्टेंबरला. नोंदवहीतली शेवटची ओळ २५ ऑगस्टची आहे, गालाचे ते भोक पडले त्याच सुमाराची. ती युद्धाच्या धास्तीविषयी आहे.