हजेरी क्रमांक १९२.१६८

कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की कर्नाटकाची हद्द लागण्याआधी कागल लागते. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या जमिनीवर येथे पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. ('पंचतारांकित' या शब्दाचा येथे हॉटेलांशी काही संबंध नाही. मोठ्या पायाभूत सोयी असलेल्या वसाहतीला दिलेले ते नाव आहे.) किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारखा मोठा कारखाना, कापडाचे कारखाने, फाउंड्र्या आणि त्यांच्या आधाराने चालणारी छोटी मशीनशॉप असा तिचा पसारा. दहा-वीस माणसांच्या अशा एखाद्या मशीनशॉपच्या कार्यालयात गेलो तर कपाटावर एक चपटी, धूळ बसलेली पेटी दिसते. पाच-सहा वायरी तिच्यात गेलेल्या असतात आणि हिरवे दिवे लुकलुकत असतात. हा राउटर. पेटी उलटी केली तर तळाच्या चिठ्ठीवर बहुधा एक आकडा छापलेला आढळतो : १९२.१६८.१.१.

हाच आकडा शिरोलीच्या वसाहतीत सापडतो, गोकुळ शिरगावात सापडतो आणि अमेरिकेतल्या दुकानातही सापडतो. आता इंटरनेटचा पहिला नियम असा, की जोडलेल्या दोन यंत्रांचा पत्ता कधीही सारखा असू नये. मग एकच पत्ता लाखो ठिकाणी कसा चालतो? या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक आहेच, पण त्याहून अधिक ते ऐतिहासिक आहे. आणि छोट्या कारखान्यात राउटर बसवताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या इतिहासातूनच आलेल्या आहेत.

शिक्षकांना समजायला सोपे उदाहरण आपल्याच शाळेत आहे. जनरल रजिस्टरमधला क्रमांक शाळेत एकाच विद्यार्थ्याचा असतो आणि तो पुन्हा कोणाला दिला जात नाही. हजेरी क्रमांकाचे तसे नाही. हजेरी क्रमांक ७ प्रत्येक वर्गात असतो आणि वर्गापुरते त्याने काही बिघडत नाही. इंटरनेटचे पत्ते मुळात जनरल रजिस्टरसारखे योजले होते. १९२.१६८ हा हजेरी क्रमांक आहे.

आधी राउटरविषयी. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे जाळे सुरू झाले. त्यात प्रत्येक विद्यापीठाच्या मोठ्या संगणकासमोर एक मध्यस्थ यंत्र ठेवलेले होते. बीबीएन या कंपनीने हनीवेलच्या लघुसंगणकापासून ते बनवले होते आणि आकाराने ते फ्रिजएवढे होते. निरोपाचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटे, करायची आणि प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचून ते योग्य तारेवर ढकलायचे, एवढेच त्याचे काम. आजच्या राउटरचा हा पूर्वज. पत्ता वाचण्याची युक्ती आपल्या टपाल खात्यासारखीच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. कोलकात्यातला टपाल कर्मचारी कागलचे पत्र हाती घेताना पूर्ण पत्ता वाचत बसत नाही. पहिला आकडा ४ दिसला, की पत्र पश्चिमेकडच्या थैलीत जाते. पुढे ४१६ पाहून ते कोल्हापूरच्या बाजूला वळते. गल्ली आणि घर पाहण्याचे काम शेवटच्या पोस्टमनचे. राउटरही पत्त्याचा पुढचा भागच पाहतो, म्हणून जगातल्या सगळ्या यंत्रांची यादी त्याला जवळ बाळगावी लागत नाही.

१९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात निरनिराळ्या विभागांची जाळी जोडणाऱ्या पेट्या तयार झाल्या. त्या कामाशी संबंधित असलेल्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये सिस्को ही कंपनी काढली आणि राउटर बाजारात मिळू लागला. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यातून मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटीसारख्या संस्था एकमेकींना व पुढे परदेशाला जोडल्या गेल्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून.

पण तोवर पत्त्यांचा हिशेब चुकू लागला होता. १९८१ मध्ये ठरलेल्या नियमानुसार पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. सुमारे ४२९ कोटी ही संख्या विद्यापीठे आणि प्रयोगशाळांपुरती अफाटच होती. शिवाय वाटप मोठ्या ठोकळ्यांत होई. तीनशे संगणक असलेल्या संस्थेला २५६ चा ठोकळा पुरत नसे, म्हणून तिला ६५,५३६ चा मिळे आणि उरलेले पत्ते वाया जात. १९९० नंतर हे पत्ते संपणार असे स्पष्ट दिसू लागले.

मार्च १९९४ मध्ये याकोव्ह रेख्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की कार्यालयातल्या कित्येक यंत्रांना बाहेरच्या जगाशी थेट बोलायचेच नसते. तेव्हा काही पत्ते सर्वांसाठी मोकळे सोडावेत. ज्याने त्याने ते आपल्या भिंतीच्या आत वापरावेत, मात्र बाहेर काढू नयेत. त्यांनी तीन गट सुचवले. १० ने सुरू होणारे पत्ते (हा एके काळी खुद्द अर्पानेटचा क्रमांक होता आणि अर्पानेट १९९० मध्ये बंद झाल्यामुळे तो रिकामा होता), १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे.

यावर जुलै १९९४ मध्ये एलियट लिअर आणि इतरांनी कडक उत्तर दिले. पत्ता जगात एकमेव असणे हा इंटरनेटचा पाया आहे, तो तुम्ही मोडता आहात, असा त्यांचा आक्षेप होता. आज स्वतंत्र असलेल्या दोन संस्था उद्या एक झाल्या आणि दोघींनी आत तेच आकडे वापरलेले असले, तर गोंधळ होईल, हेही त्यांनी बजावले. वाद दोन वर्षे चालला. फेब्रुवारी १९९६ मध्ये जो अंतिम दस्तऐवज निघाला त्याने तीनही गट कायम केले, आणि त्याच्या लेखकांत रेख्टर यांच्याबरोबर लिअर यांचेही नाव आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत असे वाद सहसा येत नाहीत, निष्कर्ष तेवढे येतात. आम्हाला हा वाद निष्कर्षापेक्षा अधिक शिकवणारा वाटतो.

आतल्या यंत्राला कधीतरी बाहेर बोलायचे झाले तर काय करायचे, हा प्रश्न उरला होता. मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता-बदलाची कल्पना मांडली. ती पुढे विस्तारून आजच्या रूपात आली. आतल्या संगणकाचे पाकीट दारावर आले, की राउटर त्यावरचा हजेरी क्रमांक खोडतो, तेथे कारखान्याचा एकमेव बाहेरचा पत्ता लिहितो आणि एक टोकन क्रमांक टाकतो. टोकन कोणाचे याची नोंद आपल्या वहीत ठेवतो. उत्तर आले, की टोकन पाहून पाकीट आत ज्याचे त्याला देतो. टोकनाला १६ बिटे असतात, म्हणून एका पत्त्याआड हजारो संभाषणे एकाच वेळी चालू शकतात. मूळ टिपणात ही योजना अल्पकालीन उपाय म्हणूनच मांडली होती. तिला तीस वर्षे उलटून गेली आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यात संगणकाचे जाळे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते कारखान्याच्या शेडमध्ये नव्हे, तर उसाच्या पट्ट्यात. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्था, राज्य सरकार आणि केंद्राचे राष्ट्रीय सूचना केंद्र यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. पुढे अभ्यासकांना असे आढळले, की गावातल्या केंद्रांचा खरा उपयोग ऊसनोंद, तोडणी, वजन, खत आणि बिले यांसाठी होत होता. लोकांना बाहेरच्या जगाहून आपल्याच कारखान्याशी बोलायचे होते, म्हणजे रेख्टर यांचे म्हणणे वारणेच्या काठी खरे ठरले होते. संगणक जुने झाले, देखभाल जड जाऊ लागली. २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलचा लघुसंदेश वापरून पाहिला गेला आणि तो स्वस्तात चालला.

छोट्या कारखान्यात राउटर शिरला तो मात्र वेगळ्या वाटेने. डायल-अपच्या काळात इंटरनेट हिशेबनिसाच्या टेबलावरच्या एकाच संगणकावर असे. २००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा आली. तिच्या पेटीतच मोडेम, राउटर आणि पत्ता-बदल एकत्र आले, आणि १९९४ च्या वादाचा निकाल असा नकळत कपाटावर येऊन बसला.

कारखान्यात तारेचेच जाळे का, याचे कारण शेडमध्ये पाहिले की कळते. लोखंडी खांब, पत्र्याच्या भिंती, वेल्डिंग, मोठ्या मोटारी. बिनतारी लहरी तेथे अडखळतात. तारेतही गोंगाट शिरतोच, पण जाळ्याच्या केबलमधल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि दोहोंतला फरक मोजला की तो वजा होतो. ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्येच टेलिफोनसाठी हिचे पेटंट घेतले होते. अशा केबलची मर्यादा १०० मीटर. दोन शेडमध्ये मात्र तांब्याची केबल नको. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात वीज जवळ कोसळली, की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो केबलमधून दोन्हीकडची यंत्रे जाळतो. तेथे काचतंतू टाकावा. काचेतून वीज वाहत नाही.

आता बसवताना काय होते ते पाहू. सेवा देणाऱ्या कंपनीची पेटी आत १९२.१६८.१ वापरते. मालक बाजारातून चांगला राउटर आणून तिच्यामागे जोडतो. तोही कारखान्यातून १९२.१६८.१ घेऊन आलेला असतो. दाराच्या दोन्ही बाजूंना एकच क्रमांक, त्यामुळे पाकीट आत द्यायचे की बाहेर, हे राउटरला ठरवता येत नाही. काही राउटर स्वतःच क्रमांक बदलतात, बाकीच्यांत तो हाताने बदलावा लागतो. १९२.१६८.४७ असे काही घेतले की झाले. त्याच मालकाचा दुसरा कारखाना शिरोलीत असेल आणि हिशेब व साठा एकत्र पाहता यावा म्हणून दोन्ही जाळी गुप्त वाहिनीने जोडायची ठरली, तर तेथेही तेच. दोन्हीकडे १९२.१६८.१.१० हा प्रिंटर. लिअर आणि मंडळींनी १९९४ मध्ये सांगितलेला गोंधळ तो हाच. म्हणून पहिल्या दिवशीच प्रत्येक जागेला वेगळा गट द्यावा. प्रिंटर आणि सीएनसी यंत्रे यांचे क्रमांक कायमचे ठरवून टाकावेत, बाकीच्यांना राउटरने रोज वाटावेत.

यात पैसा गुंतलेला आहे. एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर न्यायला ई-वे बिल लागते, आणि कागलहून बेळगावला निघालेला ट्रक थोड्याच वेळात राज्याबाहेर असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांचे व्यापाऱ्याला दिलेले बीजकही संकेतस्थळावर नोंदवावे लागते. जाळे बंद पडले तर भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहतो.

पत्ता-बदलाने एक गैरसमजही दिला. वहीत नोंद नसलेले पाकीट राउटर आत घेत नाही, म्हणून आपण सुरक्षित आहोत असे वाटते. पण ही वही पत्ते पुरवण्यासाठी होती, पहाऱ्यासाठी नव्हती. मालकाला घरबसल्या कॅमेरे पाहायचे असतात, म्हणून दारात एक कायमची फट ठेवली जाते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. मे २०१७ चा वॉनाक्राय एकदा आत शिरला, की एका संगणकातून दुसऱ्यात पसरत गेला. आतल्या आतच जाणारी पाकिटे राउटरच्या दारावरून जातच नाहीत, त्याला त्यांची खबरही नसते. म्हणून पासवर्ड बदलणे पहिले, आणि हिशेब, यंत्रे व कॅमेरे यांचे वेगळे कप्पे करणे दुसरे. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांत हजेरी क्रमांकांची गरजच उरत नाही, आणि भारतात निम्म्याहून अधिक वापर आता त्यांवर गेला आहे. तेथे वहीची आयती आड नाही, पहारा मुद्दाम बसवावा लागतो.

वर्गात हे करून पाहण्यासाठी चिठ्ठ्या पुरतात. एका मुलाला दारात वही देऊन बसवा. आतली मुले हजेरी क्रमांक घालून चिठ्ठ्या पाठवतील. दारातला मुलगा क्रमांक खोडून शाळेचे नाव आणि टोकन लिहील, नोंद ठेवील आणि उत्तरे वाटील. थोड्या वेळाने बाहेरून टोकन नसलेली एक चिठ्ठी पाठवा आणि तो काय करतो ते पाहा. मग शेजारचा वर्ग मधले दार उघडून याच वर्गाला जोडा आणि 'क्रमांक ७ ला' एवढेच लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हाती द्या.