समुद्रापलीकडचें ताट



घरीं शाकाहारी असणें ही फारशी कर्तबगारी नव्हे. आई जें वाढते तें आपण खातों, आणि ती जें रांधीत नाहीं तें आपल्या मनांतहि येत नाहीं. ह्या आहाराची खरी परीक्षा उंबरठ्याबाहेर होते. परमुलखांत तर ती दिवसांतून दोन वेळां होते. आपल्या लोकांनीं ही परीक्षा कशी दिली, आणि ती देतां देतां त्यांच्या शाकाहाराचा अर्थच कसा पालटला, हें आज सांगावयाचें आहे.

आरंभ पेशवाईंतूनच करूं. सन १७८१ मध्यें राघोबादादांची बाजू मांडण्यासाठीं हणमंतराव नांवाचे ब्राह्मण वकील इंग्लंडांत गेले. सोबत एक पारशी गृहस्थ व त्यांचा पुत्र होता. लंडनांत त्यांची आबाळ होऊं लागली, तेव्हां एडमंड बर्क ह्या विख्यात संसदपटूनें त्यांना बेकन्सफील्ड येथील आपल्या वाडीवर नेलें, आणि बागेंतील झाडें जपण्याचें काचगृह त्यांच्या स्वाधीन केलें. तेथें ते आपल्या आचाराप्रमाणें अन्न शिजवून जेवीत. यजमानाचें औदार्य मोठें खरें. परंतु यजमान व पाहुणा ह्यांचीं पानें एके ठिकाणीं मांडणें शक्य नव्हतें. कारण येथें 'काय शिजविलें' एवढाच प्रश्न नव्हता; 'कोणीं शिजविलें' हा त्याहून मोठा होता. घरीं हे दोन प्रश्न एकमेकांत असे मिसळलेले असतात, कीं ते दोन आहेत हें ध्यानांतच येत नाहीं. प्रवासानें ते निराळे केले.

पुढें शंभर वर्षांनीं आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या अभ्यासास अमेरिकेस निघाल्या. बंगालमधील सेरामपूर येथें फेब्रुवारी १८८३ मध्यें भरसभेंत त्यांनीं सांगितलें, कीं आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचेंहि पूर्ण नव्हतें. फिलाडेल्फियाच्या थंडींत त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांच्या आहारावर ठपका ठेवणें सोपें आहे. परंतु त्यांना नेलें तें क्षयानें, आणि क्षयावरील गुणकारी औषध त्या काळीं मांसाहारी युरोपालाहि ठाऊक नव्हतें.

आनंदीबाईंच्या पदवीदानास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. त्यांची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. १८८३ सालीं वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आतां जुन्या आहाराचें बंधन उरलें नाहीं, असें तेथील भगिनींना वाटणें स्वाभाविक होतें. परंतु रमाबाईंनीं शाकाहार सोडला नाहीं, तेव्हां हा जातीचा अभिमान होय असा आक्षेप आला. रमाबाईंनीं पत्रानें उत्तर दिलें. त्याचा आशय असा, कीं एखादी इंग्रज स्त्री हिंदु लोकांत राहावयास आली आणि तिनें आपल्या निरुपद्रवी चालीरीति बदलल्या नाहींत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेलें रुचेल काय? धर्म पालटला, मात्र ताट पालटलें नाहीं. शाकाहार हा केवळ प्रायश्चित्ताच्या भयाचा नसून स्वतःचा असूं शकतो, हें येथें प्रथम स्पष्ट दिसतें.

४ सप्टेंबर १८८८ रोजीं मोहनदास गांधी मुंबईहून इंग्लंडला निघाले. मद्य, मांस व परस्त्री ह्यांना शिवणार नाहीं, अशी प्रतिज्ञा त्यांनीं आईपाशीं केली होती. तरीहि समुद्रगमनास्तव जातीनें त्यांना बहिष्कृत केलें. कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें इंग्रजींत विचारण्याचा धीर होईना, म्हणून बोटीवर ते खोलींतच बसून घरून आणलेली मिठाई व फळें खात. लंडनांत पाव-मुरंब्यावर पोट भरेना, आणि अधिक मागण्याची लाज वाटे. अखेर हिंडतां हिंडतां फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी भोजनगृह सांपडलें. तेथेंच हेन्री सॉल्ट ह्यांचें शाकाहाराच्या समर्थनाचें पुस्तक त्यांनीं विकत घेतलें, आणि इंग्लंडांत प्रथमच पोटभर जेवले. जें आजवर आईच्या वचनासाठीं पाळलें, तें ह्या वाचनानंतर आपण होऊन पाळूं लागलों, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे.

तें भोजनगृह आकाशांतून पडलेलें नव्हतें. १८४७ सालीं रॅम्सगेट येथें इंग्रजांनींच आपला शाकाहारी संघ स्थापिला होता. तेथें जेवणारा इंग्रज आपल्या घरचें ताट सोडून आला होता. गांधी घरचें ताट सांभाळावयास आले होते. दोघेहि शेजारीं बसले, आणि 'कोणीं शिजविलें' हें कोणीच विचारलें नाहीं. 'काय शिजविलें' हा प्रश्न मात्र अधिक कसोशीनें होऊं लागला. तिकडील कित्येक शाकाहारी अंडीं खात. गांधींनींहि तीं कांहीं काळ खाल्लीं. पण प्रतिज्ञेचा अर्थ आईच्या मनांतील तोच खरा, असें ठरवून सोडलीं. मग केकांत वा पुडिंगांत अंडें आहे काय, हें शाकाहारी भोजनगृहांतहि विचारणें भाग पडलें.

ही कसोशी पुढें दुधापर्यंत पोहोंचली. १९१२ सालीं गांधींनीं आफ्रिकेंत दूध वर्ज्य केलें. मात्र १९१८ च्या दुखण्यानंतर त्यांना शेळीचें दूध घ्यावें लागलें, आणि त्याची खंत त्यांस राहिली. नोव्हेंबर १९४४ मध्यें डोनाल्ड वॉटसन ह्यांनीं इंग्लंडांत दूध, तूप, मधहि वर्ज्य मानणारा 'व्हीगन' संघ काढला. म्हणजे दुधातुपावर वाढलेला आपला शाकाहारी तिकडे गेला, तर त्याच्याहून कडक व्रताचीं माणसें त्याला तेथें भेटतात.

आज मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे. विमानांत शाकाहारी जेवण आगाऊ सांगतां येतें. तरी सावधपणा सुटत नाहीं: जपानांतील साध्या दिसणाऱ्या सारांत मासळीचा अर्क असतो, युरोपांतील कित्येक चीजांत वासराच्या जठरांतील विरजण असतें, आणि डब्यावरील आपला हिरवा ठिपका सरहद्दीपलीकडे शोधून सांपडत नाहीं. विचारावें लागतें, आणि नम्रपणें विचारलें, तर बहुधा कोणी रागावत नाहीं.

२० नोव्हेंबर १९३१ रोजीं गांधी लंडनांत पुन्हा शाकाहारी मंडळींपुढें बोलले. वृद्ध सॉल्ट सभेस हजर होते. शाकाहाराचा पाया नीतीचा असावा, आणि शाकाहाऱ्यांनीं इतरांविषयीं सहिष्णु असावें, हें त्या भाषणाचें सार होय. बिऱ्हाड देण्याआधीं भाडेकरूच्या ताटांत काय असतें हें विचारण्याची रीत आपल्या शहरांत आहे. त्या वेळीं आपण पहिला प्रश्न विचारीत आहों कीं दुसरा, हें मनाशीं तपासून पाहावें. काचगृहांतील वेगळी चूल आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवरील सामाईक मेज, दोन्ही शाकाहाराचींच होत. आपल्या पानांत काय असावें ह्याविषयीं आपण जरूर कठोर असावें. आपल्या शेजारीं कोणाचें पान असावें ह्याविषयीं मात्र उदार असावें.